वांकेलचा रोटर फिरतो की घुमतो?

‘वांकेल इंजिनाला मराठीत चक्री इंजिन म्हणावे का?’ असे एका वाचकाने विचारले आहे. वर-खाली सरकणाऱ्या दट्ट्यांऐवजी त्रिकोणी रोटरवर चालणारे हे ज्वलन-इंजिन. प्रश्नाकडे वळण्यापूर्वी, ‘त्यात त्रिकोणी दट्ट्या गोल गोल फिरतो’ हे हटकून ऐकू येणारे वाक्य आता पुरे झाले, एवढे सांगू द्यावे. नुसता गोल फिरणारा त्रिकोण गोल डब्यातही मावला असता आणि वायू कधी दाबलाच गेला नसता. वांकेलचे कवच आतून भुईमुगाच्या शेंगेसारखे कंबरेत दबलेले असते. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर उत्केंद्री, म्हणजे मध्यापासून बाजूला सरकलेला भाग असलेल्या, दांड्यावर बसतो, आणि त्याच्या आतील दाते व स्थिर दंतचक्राचे दाते ३:२ या प्रमाणात असल्यामुळे तो स्वतःभोवती एक फेरा पुरा करतो तोवर त्याचा मध्य दांड्याच्या अक्षाभोवती तीन फेरे घालतो. या डुलण्यामुळेच रोटर व कवच यांमधल्या तिन्ही पोकळ्या लहानमोठ्या होतात आणि व्हॉल्व्हांवाचून शोषण, संपीडन, ज्वलन व उत्सर्जन पार पडते.

जर्मनांनी हा भेद शब्दांतही जपला. एनएसयू कंपनीत १९५७ साली चाललेले फेलिक्स वांकेल यांचे पहिले इंजिन ‘ड्रेहकोल्बेन’, म्हणजे फिरत्या दट्ट्याचे होते, आणि त्यात आतले कवचही फिरत असे. पुढे त्याच कंपनीतील अभियंते हान्स डीटर पाश्के यांनी कवच स्थिर केले, तेव्हा ते ‘क्राइसकोल्बेन’, वर्तुळमार्गी दट्ट्याचे झाले.

आपल्याकडे मात्र घूर्णन म्हणजे परिवलनच, स्वतःच्या अक्षावर फिरणेच, असे समजून दोन्ही शब्द एका पारड्यात टाकणारे पंडित आहेत. मदघूर्णित डोळे काय अक्षावर फिरतात? ते झिंगून डोलतात. बाराव्या शतकातील जैन पंडित हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात ‘घूर्ण्’ धातूचे आदेश, म्हणजे त्याच्या जागी येणारी रूपे, घुल, घोल, घुम्म आणि पहल्ल असे दिले आहेत. त्यांतले घोल म्हणजे आपले घोळणे आणि घुम्म म्हणजे आपले घुमणे, असे माझे ठाम मत आहे. घुमणे हा शब्द आवाजावरून आला म्हणणाऱ्यांनी अंगात आलेल्या भगताकडे एकदा नीट पाहावे. डोलणे आधीचे, नाद मागाहूनचा. आणि ताटातल्या खसखशीत लाडू घोळताना तो स्वतःभोवती वळतो आणि ताटभर गोलही हिंडतो. रोटरची गती याहून नेमकी कोणत्या आकृतीने दाखवाल?

‘चक्री’ हा शब्द मी पहिल्या महायुद्धातील नोम विमान-इंजिनांसाठी राखून ठेवीन, कारण त्यांत दांडा स्थिर राही आणि सारे सिलिंडरच पंख्यासह गरगरत. वांकेलचे ते घूर्णी इंजिन.