वाफ की बेरीज?

अमळनेरच्या मित्राचा प्रश्न थोडक्यात असा: प्रकाशाच्या वेगाला मर्यादा आहे, म्हणजे तो प्रोसेसरचा वेग. प्लँक लांबी, म्हणजे भौतिकशास्त्रातली एक अतिसूक्ष्म लांबी, हा त्याचा पिक्सेल. दोन फटींच्या प्रयोगात बघितलं की इलेक्ट्रॉन वेगळा वागतो, म्हणजे गेममध्ये बघाल तेवढंच चित्र उमटतं तसं. शिवाय सगळं विश्व गणिताने चालतं. मग आपण सिम्युलेशनमध्ये, म्हणजे कुणीतरी संगणकावर चालवलेल्या नकली जगात, आहोत हे सिद्धच झालं ना? आणि वडील म्हणतात, यात नवीन काय, सगळी मायाच आहे.

भाऊ, मी काही भौतिकशास्त्राचा प्राध्यापक नाही. भुसावळजवळच्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटच्या संचाच्या पॅनेलवर माझी उभी नोकरी झाली. पण सिम्युलेटरमध्ये प्रत्यक्ष बसून घाम गाळलेला माणूस इथे बहुधा मीच, म्हणून लिहितो.

प्रशिक्षणाला गेलं की हुबेहूब आपली कंट्रोल रूम असायची. तीच बटणं, तेच रेकॉर्डर, अलार्मचा तोच कर्कश आवाज. काचेमागे इन्स्ट्रक्टर. तो मध्येच बॉयलरला पाणी देणारा फीड पंप बंद पाडायचा, बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी खाली यायला लागायची आणि आमची तारांबळ. फारच बिघडलं की तो 'फ्रीझ' दाबायचा. सगळे काटे जागच्या जागी. आम्ही चहा पिऊन यायचो आणि तिथूनच पुढे चालू.

आता बघा, काट्यांच्या लेखी मध्ये काही घडलंच नव्हतं. वीस मिनिटं गेली हे आम्हाला कळायचं ते मनगटावरच्या घड्याळामुळे, आणि ते घड्याळ सिम्युलेटरच्या बाहेरचं होतं. विश्वाच्या आत जन्मलेल्या माणसाकडे असं बाहेरचं घड्याळ कुठून येणार? बाहेरचं यंत्र कितीही रखडो, आपल्या दर सेकंदामागे वर्षभर बंद पडो, आत प्रकाश सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटरच जाईल. तो आकडा कुणी मॉडेलमध्ये घातलेला असेलही, पण प्रोसेसरचा वेग आतून दिसत नसतो.

पिक्सेलचं लवकर आटपतो. प्लँक लांबी म्हणजे सुमारे १.६ भागिले एकावर ३५ शून्यं इतके मीटर. कुणी भिंग लावून ती चौकट पाहिलेली नाही, निसर्गाच्या तीन स्थिरांकांवरून ती काढलेली आहे. अवकाश चौकोनी जाळीचं असेल तर अतिउच्च ऊर्जेच्या वैश्विक किरणांच्या दिशांमध्ये जाळीची खूण दिसावी, असं बीन, दावूदी आणि सॅव्हेज यांनी २०१२ मध्ये मांडलं. तशी खूण अजून सापडलेली नाही. २००९ मध्ये अवकाशातल्या फर्मी दुर्बिणीने दूरच्या एका गॅमा किरणांच्या स्फोटातला फार जास्त ऊर्जेचा, ३१ जीईव्हीचा, फोटॉन म्हणजे प्रकाशकण टिपला. ७०० कोटींहून जास्त वर्षं चालून तो कमी ऊर्जेच्या सोबत्यांच्या मागे-पुढे सेकंदाभरात पोचला. जागा खडबडीत असेल तर जास्त ऊर्जेचा फोटॉन मागे पडेल, अशी एक कल्पना होती. तिला त्याने चांगलाच धक्का दिला.

दोन फटींचं मात्र सावकाश वाचा, कारण इथे सगळे उलटं समजतात. इलेक्ट्रॉन दोन फटींतून सोडले की पडद्यावर पट्टे उमटतात, आणि कोण कुठल्या फटीतून गेला ते टिपलं की पट्टे जातात. पण एक तर 'बघणं' म्हणजे माणसाने बघणं नव्हे. खोलीत कुणी नसताना नुसतं टिपणारं उपकरण चालू असलं तरी पट्टे पुसले जातात. आणि मोठी गोष्ट खर्चाची. आमच्या सिम्युलेटरमध्ये पाण्याचा एक रेणू नव्हता, वाफेच्या तक्त्यांवरून दाब-तापमान काढलं जायचं. भिंतीपलीकडे बॉयलरच नव्हता. एखादा स्विच प्रोग्राममध्ये घेतलेला नसेल तर तो खुशाल फिरवा, काही व्हायचं नाही. हिशोब वाचवणाऱ्याची रीत ही अशी असते.

पुंजभौतिकी, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांचं क्वांटम भौतिकशास्त्र, नेमकी याच्या उलट. फक्त ३०० क्युबिटांची (क्वांटम संगणकाच्या बिटांची) पूर्ण अवस्था लिहून ठेवायची म्हटली तर एकावर ९० शून्यं इतक्या संख्या लागतात. दिसणाऱ्या विश्वातले अणू अंदाजे एकावर ८० शून्यं. नेहमीच्या संगणकावर हे झेपणार नाही, त्यासाठी पुंजनियमांनीच चालणारं यंत्र हवं, हे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्येच सांगितलं होतं. काटकसर करायची असती तर न्यूटनचे नियम स्वस्तात पडले असते! यावर 'बाहेरच्या जगाचे नियम वेगळे असतील' असं उत्तर येतं. असतील बापडे. पण मग काहीही खपतं.

आणि विश्व गणिताने चालतं म्हणून ते गणितच? चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेला असाल तर तिथला शिलालेख आठवा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचं त्यात आहे. मंदफळ, शीघ्रफळ अशा गणिती दुरुस्त्या करून त्या काळी ग्रह कुठे दिसेल ते काढायचे, पृथ्वी मध्यभागी धरून, आणि ग्रहणं वर्तवायचे. म्हणून मंगळ काही आकाशात शीघ्रफळ काढत बसलेला नव्हता.

तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रॉमचा सिम्युलेशनवरचा २००३ चा लेख मात्र यापेक्षा कसलेला आहे. 'आपण सिम्युलेशनमध्ये आहोत' असं तो म्हणतच नाही. तीनपैकी एक तरी खरं असणार, एवढंच म्हणतो: आपल्यासारख्या संस्कृती त्या ताकदीला पोचण्याआधीच संपतात, किंवा पोचल्या तरी पूर्वजांची सिम्युलेशनं चालवत नाहीत, किंवा आपण जवळजवळ नक्कीच तशा एकात आहोत. लोक पहिले दोन पर्याय गिळून तिसराच सांगत सुटतात.

त्याच्या मुळाशी एक गृहीत आहे, आणि तो ते लपवत नाही: योग्य प्रोग्राम चालला तर संगणकाच्या सिलिकॉन चिपमध्येही मन उमटतं. माझं घोडं इथेच अडतं. सिम्युलेटरमधली ५४० अंशांची वाफ कधी कुणाला भाजली नाही. पण कॅल्क्युलेटरने केलेली बेरीज ही खरीच बेरीज असते, ती कुणी बेरजेची नक्कल म्हणत नाही. मग मन कशासारखं, वाफेसारखं की बेरजेसारखं? तिसरा पर्याय मोजावा की नाही ते यावर ठरतं, आणि हे पिक्सेल मोजून कळणार नाही.

वडिलांना सांगा, माया वेगळी. वेदान्तात बाहेर दुसरं जग, तिथे यंत्र आणि यंत्राला वीज, असलं काही नाही. सिम्युलेशनवाल्यांना बाहेरचं विजेचं बिलसुद्धा खरं लागतं.

माझा कल वाफेकडे आहे. मुलगी संगणकात काम करते, ती बेरजेच्या बाजूची. गेल्या आखाजीला खापराच्या पुरणपोळ्या ताटात असताना आमची यावरून जुंपली. तिच्या आईने आमरसाचं पातेलं उचलून आत नेलं, तरी निकाल लागला नाही.