प्रश्न तुमचे, उत्तर आमचं : शाल्केचा मालक कोण?

प्रश्न : नमस्कार सर, मी परभणीचा. मोबाईलवर जर्मन फुटबॉल बघायलो आणि मला शाल्के ०४ ही टीम लई आवडते, पण दोस्त म्हणायलेत की ही तर कर्जात बुडालेली टीम, दोनदा खाली पडली, त्यापेक्षा बायर्न म्युनिकची टीम धर. सेकंड डिव्हिजनला असतानाही यांचं स्टेडियम फुल्ल कसं काय भरायचं? आणि मालक कोण आहे, कुणी शेठ पैसा का ओतत नाही?

उत्तर : भाऊ, शेठ नाहीच तिथं, सभासदच मालक. आपल्याकडं साखर कारखान्याला कसं एका सभासदाला एक मत, आमसभा, संचालक मंडळाची निवडणूक, अगदी तसंच, फक्त इथं सभासद दीड लाखाच्या वर. जर्मनीतल्या बऱ्याच मोठ्या क्लबांनी फुटबॉलचा कारभार वेगळ्या कंपनीत टाकला, शाल्केनं ते पण केलं नाही. बाहेरचा पैसा आला तो स्पॉन्सरचा, रशियाची गॅस कंपनी गॅझप्रॉम २००७ पासून जर्सीवर होती, २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला आणि क्लबनं ते नाव काढून टाकलं, कर्ज डोक्यावर असताना, हे मला फार मोठं वाटतं. आता तर कर्ज कमी करायला त्यांनी खरोखरची सहकारी संस्था काढलीय, चाहत्यांनी शेअर घ्यायचे आणि त्या पैशातून संस्थेनं स्टेडियमच्या कंपनीत हिस्सा घ्यायचा. सहकार आपल्याला काय नवा नाही, त्यामुळं मराठवाड्यातल्या माणसाला हा क्लब पटकन कळतो.

गर्दीचं म्हणाल तर शाल्केचं गाव गेल्झेनकिर्शेन, हे कोळशाच्या खाणीचं गाव, १९०४ ला तिथल्या पोरांनी टीम काढली (नावातलं ०४ तेच), खेळाडूंना आजही खाण कामगारच म्हणतात. पुढच्या मॅचला खेळाडू बाहेर येतात तो बोगदा नीट बघा, भिंती काळ्या, खडबडीत, डिट्टो खाणीसारख्या. जर्मनीतली शेवटची दगडी कोळशाची खाण २०१८ ला शेजारच्या बॉट्रॉपमध्ये बंद झाली, गावाचा रोजगार त्याच्या कितीतरी आधीच गेला होता, राहिला तो क्लब. म्हणून सेकंड डिव्हिजनला पण साठ हजार लोक.

आणि पडझड खरी आहे, लपवायचं काय त्यात. २०२० ते २१ मध्ये लीगचे सलग ३० सामने जिंकता आले नाहीत, २०२१ ला खाली, २०२२ ला वर, २०२३ ला परत खाली. एकूण ७ वेळा चॅम्पियन, पण शेवटचं १९५८ ला. २००१ ला तर हातातोंडाशी आलेला घास गेला, १९ मे ला, लीगच्या शेवटच्या दिवशी, शाल्केनं उंटरहाखिंगला ५-३ हरवलं, तिकडं ९० व्या मिनिटाला हॅम्बुर्गनं बायर्नवर गोल केला, बायर्न हरलं तर शाल्के चॅम्पियन, इकडं लोक मैदानात घुसून रडत नाचायलेत की आपण चॅम्पियन, आणि चार मिनिटांनी पॅट्रिक अँडरसननं फ्री किकवर गोल मारून बायर्नला लीगचं विजेतेपद दिलं. पुढच्याच आठवड्यात शाल्केनं जर्मन कप जिंकला, तरी ती चार मिनिटं लोक विसरत नाहीत.

दोस्तांना बायर्न धरू द्या. तुम्ही शाल्केच बघा, आणि जमलं तर १९९७ ची यूएफा कप (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) फायनल शोधून बघा, मिलानमध्ये जाऊन तिथल्याच इंटर टीमला पेनल्टीवर हरवलं होतं.