शेजारच्या सहकाऱ्याच्या परफ्यूमने डोकं दुखतं. सांगू की सहन करू?

सांगा. हे नखरे नव्हेत. उग्र वासाने अनेकांचा मायग्रेन उठतो, दमा असणाऱ्याला धाप लागते, आणि एसीच्या बंद खोलीत तो वास दिवसभर रेंगाळतो.

चारचौघांत नको, डबा खाऊन झाल्यावर बाजूला घेऊन बोला. "तुमचा वास येतो" असं म्हटलं की माणूस दुखावतो. "मला सुगंधाचा त्रास होतो, ऑफिसात डिओ जरा कमी माराल का?" एवढं पुरे. बऱ्याचदा त्यांना कल्पनाच नसते. रोजच्या वासाला नाक सरावतं, मग दोन फवारे जास्तच मारले जातात.

नाहीच ऐकलं तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडून एचआरला ईमेल करा, जागा बदलून मागा. अमेरिकेत डेट्रॉइटच्या पालिकेने २०१० मध्ये अशाच एका खटल्यात तडजोड करून कर्मचारी महिलेला १ लाख डॉलर दिले आणि बाकीच्यांना सुगंधी वस्तू टाळायला सांगितलं. म्हणजे तक्रार क्षुल्लक नाही.

त्याआधी एक बघाच: भिंतीवर दर थोड्या वेळाने आपोआप फवारा सोडणारं रूम फ्रेशनरचं यंत्र आहे का? असेल तर आधी हाउसकीपिंगला सांगून ते बंद करून घ्या.