सगळंच 'फोर्स' नसतं हो!

प्रश्न असा आलाय की मेक, हॅव, गेट, फोर्स, कम्पेल, पर्स्वेड, कन्व्हिन्स या सगळ्यांचा अर्थ डिक्शनरीत "एखाद्याला काहीतरी करायला लावणे" असाच सापडतो, मग ऑफिसच्या मेलमध्ये नेमका कुठला वापरायचा?

आधी 'फोर्स'चं बघू, कारण तो शब्द हल्ली इतका स्वस्त झालाय की डोक्यात जातो. "मित्रांनी ट्रिपला यायला फोर्स केलं." "मला फोर्स नको करूस ना." अहो, तो आग्रह झाला! गळ घातली, फार तर भरीस पाडलं. फोर्स म्हणजे समोरच्याला दुसरा मार्गच ठेवला नाही. मराठीत बोलताना निदान सूर तरी सांभाळून घेतो, पण हेच इंग्रजीत "माय फ्रेंड्स फोर्स्ड मी टू कम" असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं दंडाला धरून गाडीत कोंबलं. तिथे "टॉक्ड मी इन्टू इट" म्हणा, काम झालं.

व्याकरण पटकन उरकतो. मेक, हॅव, लेट यांच्यानंतर 'टू' येत नाही, गेटनंतर येतो. "ही मेड मी टू वेट" हे चूक. कोणी 1611 च्या किंग जेम्स बायबलमधलं "ही मेकेथ मी टू लाय डाउन" काढून दाखवेल, तर बरोबर आहे, तेव्हा चालायचं, आता नाही चालत. फक्त कर्मणी करताना तो टू परत येतो: "आय वॉज मेड टू वेट".

अर्थाचा फरक एकाच वाक्यात दिसतो. मॅनेजरने रवीकडून रिपोर्ट परत लिहून घेतला. "मेड रवी रीराइट इट" म्हणजे रवीची इच्छा नव्हती, तरी लावलं. "हॅड रवी रीराइट इट" म्हणजे त्याचं कामच होतं ते, सांगितलं आणि त्याने केलं, कुरकुरीचा प्रश्नच नाही. "गॉट रवी टू रीराइट इट" यात आधी थोडी खटपट आहे, समजावणं असेल, लाडीगोडी असेल, पण शेवटी जमवलं. "लेट रवी रीराइट इट" म्हणजे रवीलाच करायचं होतं, मॅनेजरने करू दिलं. हॅव आणि गेट एकच असं शिकवणारी व्याकरणाची पुस्तकं आहेत आणि मला ती अजिबात मान्य नाहीत, त्या दोन वाक्यांत रवीचा चेहरा वेगळा आहे, एवढं तरी दिसायला हवं.

आता मूळ गंमत. माझं जुनं मत आहे की या क्रियापदांकडे बघताना जोर किती हे बघू नये, जोर लावणारा कुठे उभा आहे ते बघावं. मागे, भोवती की पुढे. कम्पेलमध्ये लॅटिन 'पेल्लेरे' आहे, म्हणजे हाकणे. प्रोपेल, एक्स्पेल, रिपेल सगळे त्याचेच. कम्पेल म्हणजे गुरं एकत्र करून हाकावीत तसं मागून हाकणं. म्हणूनच कम्पेल करायला माणूस लागतोच असं नाही, परिस्थिती कम्पेल करते, पुरावा कम्पेलिंग असतो. इंग्रजीतला 'गोड' (goad, डिवचून करायला लावणे) म्हणजे तर चक्क टोकदार काठी, आपली पराणी! आणि 'एग ऑन'चा अंड्याशी काडीचा संबंध नाही, तो जुन्या नॉर्स भाषेतल्या 'एग्या' या चिथावणीच्या शब्दातून आलाय आणि 'एज' म्हणजे धार हा त्याचा नातेवाईक. धार टोचून पुढे ढकलायचं. हे सगळे मागून.

कोअर्स भोवतीचा. त्यातल्या 'आर्केरे'चा अर्थ कोंडणे, अडवणे, म्हणून इंग्रजीतही आधी तो शब्द रोखण्यासाठी होता. सगळ्या वाटा बंद करून एकच उघडी ठेवायची, धमकी त्यातच आली. म्हणून कोर्टात कबुलीजबाब 'कोअर्स्ड' ठरला की त्याची किंमत जाते. ऑब्लाइजही भोवतीचाच, 'लिगारे' म्हणजे बांधणे, त्यातूनच लिगामेंट. उपकाराने नाहीतर नियमाने बांधलेला माणूस 'ऑब्लाइज्ड'. इन्ड्यूस मात्र पुढचा, 'डूकेरे' म्हणजे पुढे होऊन नेणे, सिड्यूसही तिथलाच. ड्रगूनचं मूळ तर इतिहासातच आहे. 1681 पासून फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंट लोकांच्या घरात ड्रगून, म्हणजे घोड्यावरचे शिपाई, नेऊन बसवले, का तर धर्म बदला नाहीतर हे आहेतच तुमच्या उरावर. त्यावरून 'ड्रगून', म्हणजे धाकदपटशाने करायला लावणे, हे क्रियापद झालं. भोवतीचा जोर याहून स्पष्ट कुठे दिसणार?

आणि आता पर्स्वेड, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं! यातल्या 'सुआदेरे'चं नातं लॅटिन 'सुआविस'शी, म्हणजे मधुर, त्यातून इंग्रजीत स्वाव्ह आला. त्याच मूळ धातूतून इंग्रजीत स्वीट, ग्रीकमध्ये 'हेदूस' आणि पुढे हेडोनिझम, आणि संस्कृतात स्वादु. आपला स्वाद! म्हणजे पर्स्वेड करणं म्हणजे ती गोष्ट समोरच्याला गोड लागेल अशी करणं. रोमन लोकांनी तर यासाठी सुआदा नावाची देवीच मानली होती. आणि मराठी माणसाला हे वेगळं शिकवायची गरजच नाही, आपण काम "गोडीगुलाबीने" करून घेतो आणि म्हणणं "गळी उतरवतो". गळी काय उतरतं? जे चवीला बरं लागतं ते. कुठल्याही भाषांतरात पर्स्वेडसाठी सरसकट 'मन वळवणे' लिहिलेलं दिसलं की वाईट वाटतं, ते चूक नाही पण चव गेली ना त्यातली.

कन्व्हिन्सचं मूळ बरोबर उलटं. 'विंकेरे' म्हणजे जिंकणे, व्हिक्टरी, इन्व्हिन्सिबल आणि कन्व्हिक्टसुद्धा त्याच घरातले. तिथे तुम्ही वादात समोरच्याला हरवता, त्याच्या शंका चीत करता. म्हणून कन्व्हिन्स मतापाशी थांबतो, पर्स्वेड कृतीपर्यंत नेतो. सिगारेट वाईट हे पटलेला माणूस कन्व्हिन्स्ड, ती सोडायला तयार झालेला पर्स्वेडेड. पहिला झाला म्हणून दुसरा होतोच असं नाही, उघड आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेत "कन्व्हिन्स्ड मी टू गो" सर्रास रुजलं आणि मेरियम-वेब्स्टरवाले म्हणतात आता हे चालतं, वाद संपला. मी म्हणतो नाही संपला! लोक वापरतात ही नोंद करणं हे कोशाचं काम, ते त्यांनी चोख केलं, पण दोन वेगळ्या कामांचे दोन शब्द हातात असताना एकावरच भागवायचं का, याचं उत्तर वापराच्या आकड्यांत नसतं. जिंकलेला माणूस आणि गोडी लागलेला माणूस एक नाहीत.

हां, मेलचं राहिलं. ज्याचं ते कामच आहे त्याच्याबद्दल लिहिताना हॅव वापरा, "आय विल हॅव द टीम चेक इट", हे सगळ्यात सरळ आणि कोणाला लागतही नाही. दुसऱ्या टीमच्या मागे लागून काम करून घ्यायचं असेल तर गेट, त्यात तुमची मेहनतही दिसते. क्लायंटच्या बाबतीत पर्स्वेड. मेक मेलमध्ये शक्यतो टाळाच, ज्याच्याबद्दल लिहिलंय तो सीसीत असला तर दुखावेल. आणि फोर्स फक्त तेव्हाच, जेव्हा खरंच दुसरा पर्याय उरलेला नसेल: "वी वेअर फोर्स्ड टू कॅन्सल".