रिसेप्शनवर काय विचारतात?

प्रश्न : माझं वय अठ्ठावन्न, शिक्षण मराठी माध्यमातून दहावीपर्यंत. जुलैमध्ये आम्ही दोघं मुलाकडे इंग्लंडला निघालोय. तो लीड्सला नोकरी करतो. त्याला शनिवारपर्यंत रजा नाही, म्हणून पहिल्या दोन रात्री लंडनच्या हॉटेलात आम्ही दोघंच असू. बुकिंग त्यानेच केलंय. ह्यांना इंग्रजी वाचता येतं, पण बोलायची वेळ आली की मला पुढे करतात. मी व्हिडिओ बघून 'आय वुड लाइक टू चेक इन' वगैरे वाक्यं पाठ केलीत. पण समोरची काय म्हणते तेच कळलं नाही तर?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यात सगळं आलं. पुण्यातल्या एका हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला मी बरीच वर्षं काढली. पाहुणा बोलताना फारसा अडत नाही, तो ऐकताना अडतो. पाठ केलेलं वाक्य सफाईने म्हणतो, मग काउंटरवरची मुलगी एका दमात दोन प्रश्न विचारते आणि त्याचा चेहरा उतरतो. म्हणून आता तुमची वाक्यं पुरेत. तिचे प्रश्न कानाला सवयीचे करून घ्या. ते मोजकेच असतात आणि क्रमही बराचसा ठरलेला असतो.

आधी नाव. 'कॅन आय टेक युअर सरनेम, प्लीज?' किंवा 'व्हॉट नेम इज द बुकिंग अंडर?' आपल्याकडे स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव अशी पूर्ण माळ सांगायची पद्धत आहे. तिला फक्त आडनाव हवं असतं, तेही सुट्या अक्षरांत. समजा क्षीरसागर असेल, तर के, एस, एच, आय... असं पासपोर्टवर आहे तसंच, सावकाश सांगा. ई आणि आय या दोन अक्षरांची गल्लत फार होते, तेवढी घरी घोकून ठेवा. बुकिंग मुलाच्या नावावर आहे की तुमच्या, हे त्याला आजच विचारा. आणि बुकिंगचा कागद छापून हातात ठेवा, मोबाइलची बॅटरी ऐन वेळी दगा देते.

मग ती दोघांचेही पासपोर्ट मागेल. त्यानंतर कदाचित विचारेल, 'व्हेअर आर यू ट्रॅव्हलिंग नेक्स्ट?' पोलिसी चौकशी वाटून माणसं इथे बिचकतात. बिचकायचं कारण नाही. इंग्लंडमध्ये १९७२ पासूनचा नियम आहे : पाहुण्याचं नाव आणि नागरिकत्व, आणि आयर्लंड व राष्ट्रकुलातले (कॉमनवेल्थ) देश सोडून इतर परदेशी पाहुण्यांचा पासपोर्ट क्रमांक आणि ते पुढे कुठे जाणार हेही हॉटेलने लिहून घ्यायचं आणि ती नोंद निदान १२ महिने जपायची. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणून या नियमाने तुमचं नाव आणि नागरिकत्व पुरतं, पण विचारलंच तर 'वुई आर गोइंग टू लीड्स' एवढं म्हणा.

पुढचा प्रश्न पैशांचा, आणि तो मुलाशी बोलून आधीच सोडवायला हवा. 'आय विल जस्ट नीड अ कार्ड फॉर इन्सिडेंटल्स.' खोलीचं भाडं दिलेलं असलं तरी खोलीवर मागवलेलं खाणं, फोन, मोडतोड अशा खर्चांसाठी बरीच हॉटेलं कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. ती कापली जात नाही, पण मोकळी व्हायला काही दिवस लागतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिलंत तर तेवढे दिवस तुमचेच पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत. मुलाने आताच हॉटेलला ईमेल करून विचारावं की माझ्या आईवडिलांकडे कुठलं कार्ड मागाल आणि किती रक्कम अडकवाल. तुमच्या कार्डावर परदेशातले व्यवहार सुरू आहेत का, तेही बँकेच्या ॲपमध्ये बघून घ्या. काउंटरवर 'इज इट अ डिपॉझिट? विल वुई गेट इट बॅक?' हे दोन प्रश्न बिनधास्त विचारा.

आता तुम्ही लिहिलेली नाही, पण हमखास येणारी अडचण. मुंबईहून निघालेलं तुमचं विमान सकाळी पोचणार असेल, तर हॉटेलची खोली बहुधा दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. रात्रभर अवघडलेल्या माणसाला 'युअर रूम इजन्ट रेडी यट' ऐकलं की बुकिंगच रद्द झालं असं वाटतं. तसं नसतं. 'कॅन वुई लीव्ह अवर बॅग्ज हिअर?' हे वाक्य मात्र पाठच करा. सामान ठेवून घेण्याची सोय बहुतेक हॉटेलांत असते. पावती दिली तर पर्समध्ये ठेवा. गोळ्या, पासपोर्ट, पैसे आणि एक स्वेटर हातातल्या पिशवीत असू द्या.

खोली देताना ती 'डबल' की 'ट्विन' म्हणते तिकडे लक्ष द्या : डबलमध्ये एक मोठा पलंग, ट्विनमध्ये दोन सुटे. खोलीचा नंबर ३०७ असेल तर ती 'थ्री ओ सेव्हन' म्हणेल, झीरो म्हणणार नाही. चांगल्या हॉटेलात तर ती नंबर उच्चारतच नाही. चावीच्या कार्डाच्या पाकिटावर लिहून त्यावर नुसतं बोट ठेवते, मागे उभ्या असलेल्याला कळू नये म्हणून. आम्हालाही तेच शिकवलेलं होतं. 'काय म्हणाली, काय म्हणाली' करत नंबर मोठ्याने वाचू नका.

आणि कळलं नाही तर? 'येस, येस' म्हणायचं नाही. हे मी अगदी हात जोडून सांगते. ती विचारत असते, 'वुड यू लाइक टू ॲड ब्रेकफास्ट?' आणि तुमच्या मानेच्या एका होकारावर बिलात दोघांचा नाश्ता चढतो. त्याऐवजी म्हणा, 'सॉरी, कॅन यू राइट इट डाउन, प्लीज?' ह्यांना वाचता येतं म्हणालात ना? मग ती लिहील, हे वाचतील आणि तुम्ही बोलाल. तुमच्या जोडीत सगळं आहे.

नाश्त्याचं एवढंच की तिथे अंडं शाकाहारात धरतात. तुम्हाला चालत नसेल तर 'व्हेजिटेरियन' म्हणून थांबू नका, 'नो मीट, नो फिश, नो एग' असं तिन्ही सांगा. आषाढी तिथेच आली तर फळं आणि दही बहुतेक ठिकाणी मिळेल, दह्याला योगर्ट म्हणायचं. मात्र खोलीत उदबत्ती लावू नका. छताला धुराची सूचना देणारं यंत्र असतं. ते वाजलं तर सगळ्या इमारतीला खाली रस्त्यावर यावं लागू शकतं.

प्रश्न : मी वेरूळ रस्त्यावरच्या एका लॉजमध्ये रिसेप्शनला लागलोय. बी.ए. झालंय, इंग्रजी वाचून कळतं. परदेशी पाहुणे आले की मालक मलाच बोलवतात. त्यांचे उच्चार कळत नाहीत आणि माझे त्यांना.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दादा, अजिंठा-वेरूळला येणारे कितीतरी पाहुणे जपान, कोरिया, फ्रान्सचे असतात. इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नाही. म्हणून लांब, अदबशीर वाक्यांच्या मागे लागू नका. छोटं वाक्य, मग थांबा.

आकड्यांची विशेष काळजी घ्या. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' तुमच्या तोंडून त्यांना सारखंच ऐकू येऊ शकतं. 'वन फाइव्ह', 'फाइव्ह झीरो' असं सुटं म्हणा आणि रक्कम कॅल्क्युलेटरवर दाखवा. तुमच्याकडे चोवीस तासांचं चेक-आउट असेल, म्हणजे आल्या वेळेपासून चोवीस तासांत खोली सोडायची, तर ते आल्या आल्या सांगा. ही पद्धत बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. पहाटे पाचला आलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपायच्या बेतात असतो. वेळ कार्डावर लिहूनच द्या.

परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन कळवावी लागते, ज्याला आपण फॉर्म सी म्हणत आलो. त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा मागताना आणि पुढचा मुक्काम विचारताना कारणही सांगा : 'इट इज फॉर द गव्हर्नमेंट फॉर्म.' कारण कळलं की माणूस कुरकुरत नाही.

आणि एक वाक्य असं, की त्यासाठी पाहुणे तुम्हाला दुवा देतील : 'अजंता इज क्लोज्ड ऑन मंडे, एलोरा इज क्लोज्ड ऑन ट्यूजडे.' हजारो मैलांवरून आलेला माणूस सोमवारी सकाळी शंभर किलोमीटर गाडी करून अजिंठ्याला पोचतो आणि फाटक बंद बघून परततो, हे फार वाईट आहे. कुणी विचारायची वाट बघू नका, चावी देतानाच सांगा.

प्रश्न : आई पहिल्यांदाच एकटी सिंगापूरला चाललीय. तिची तयारी मी कशी करून घेऊ? क्लास लावू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : क्लास नको. तुम्हीच रिसेप्शनिस्ट व्हा. रोज संध्याकाळी ओट्यापाशी उभं राहून वरचे प्रश्न तिला विचारा, भरभर आणि क्रम बदलून. तिचं व्याकरण मध्येच सुधारू नका, उत्तर पोचलं की पुढचा प्रश्न. मग दुसऱ्या खोलीत जाऊन हेच फोनवर करा. खोलीतला फोन वाजतो तेव्हा समोर चेहरा नसतो आणि ऐकणं दुप्पट अवघड जातं. निघतानाचा प्रश्नही त्यात घ्या : 'डिड यू हॅव एनिथिंग फ्रॉम द मिनीबार?' म्हणजे खोलीतल्या छोट्या फ्रिजमधलं काही घेतलं का. घेतलं नसेल तर 'नो, नथिंग' म्हणायचं, बिल मागायचं आणि काउंटर सोडायच्या आधी तिथेच वाचायचं.