पोटातल्या शिरेत बसवतात तो फिल्टर कायमचा असतो का?

आईच्या मेंदूत रक्तस्राव, त्यात मांडीच्या शिरेत गुठळी, आणि डॉक्टर म्हणतात पोटातल्या मोठ्या शिरेत फिल्टर बसवू. बसवावा का आणि तो कायमचा राहतो का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. पण माझे सासरे सिंहगड रस्त्यावर स्कूटरवरून पडले तेव्हा आम्ही याच पेचात होतो.

एरवी गुठळीवर रक्त पातळ करणारं औषधच देतात. डोक्यात ताजा रक्तस्राव असेल तर तेच जिवावर बेतू शकतं. फिल्टर मुख्यतः अशाच रुग्णांसाठी आहे, त्यामुळे तुमचे डॉक्टर काही भलतं सांगत नाहीयेत. बसवणं सोपं असतं. मानेतून किंवा जांघेतून नळी घालून, मूत्रपिंडाच्या शिरांच्या खाली छत्रीच्या काड्यांसारखी जाळी उघडतात. आमचा चहा होईपर्यंत बाबा बाहेरसुद्धा आले.

मात्र जाळी गुठळी विरघळवत नाही (आम्हाला तसंच वाटलं होतं!), सुटलेला तुकडा फुप्फुसात जाण्याआधी अडवते, एवढंच. म्हणून न्यूरोसर्जननी हिरवा कंदील दाखवल्यावर बाबांना औषध सुरू झालंच.

आमचं चुकलं ते पुढे. डिस्चार्ज कार्डावर फिल्टरची एक ओळ होती, काढायची तारीख नव्हती. बसवणारे डॉक्टर वेगळे, तपासणीला बोलावणारे वेगळे. प्रत्येकाला वाटलं दुसरा बघतोय. पाचव्या महिन्यात मेहुणीनं फाइल चाळली म्हणून कळलं. तोवर जाळी तिरकी होऊन तिचा आकडा (हुक) शिरेला चिकटला होता. निघाली, पण दीड तास घाम फोडून.

जास्त दिवस राहिली तर ती सरकू शकते, काडी मोडू शकते. फ्रान्समध्ये ४०० रुग्णांचा ८ वर्षं पाठपुरावा झाला: फिल्टरवाल्यांच्या फुप्फुसात गुठळ्या कमी गेल्या, पायात जास्त झाल्या, मृत्यूचं प्रमाण सारखंच. धोका टळला असेल तर बसवल्यापासून साधारण २९ ते ५४ दिवसांत काढलेला बरा, असा हिशेब अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१४ मध्ये मांडला होता.

तेव्हा सही करण्याआधी विचारा: हा काढता येणारा आहे ना? काढणार कोण? कधी? उत्तर कार्डावर लिहून घ्या, आणि घरी कालनिर्णयवरही, दुधाच्या खाड्यांशेजारी.