भिंतीवर नीतीची वाक्यं लिहून माणसं सुधारतात का?

सोसायट्या, शाळा, घाट, जिकडे तिकडे सुविचार आणि सूचना रंगवलेल्या असतात, त्यानं कुणी सुधारतं का, असा तुमचा प्रश्न आहे. मी नाशकात पंचवटीत पेंटर आहे. फ्लेक्स आल्यावर दुकानांच्या पाट्या गेल्या, भिंती तेवढ्या राहिल्या. तेव्हा या प्रश्नावर बोलणं मला भागच आहे.

‘थुंकू नये’ लिहिलेल्या भिंतीवर लोक थुंकतात. जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावल्या की तो कोपरा वाचतो, वरच्या मजल्याचा कोरा कोपरा लाल होतो. गोदाघाटावर ‘गंगा मैली करू नका’ यापेक्षा ‘निर्माल्य या कलशात टाका’ हे जास्त चालतं, कारण कलश शेजारीच असतो. हात रिकामा करायला जागा मिळाली की माणूस ऐकतो. उत्तर एवढंच.

माझं दुखणं वेगळं आहे. नीतीच्या नावाखाली दुसऱ्याला हिणवणारा मजकूर लिहून घेतात, त्याचं काय?

गंगापूर रोडच्या एका सोसायटीचं काम होतं. सेक्रेटरींनी कागद दिला. वर ‘सदाचार हाच खरा दागिना’, मध्ये पाण्याच्या वेळा, खाली ‘ही सभ्य कुटुंबांची सोसायटी आहे. रात्रपाळी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या मुलींना फ्लॅट भाड्याने दिला जाणार नाही.’ कागद नीट न वाचता मी रेघा आखून वरून सुरुवात केली होती. ‘एकट्या राहणाऱ्या मु’ इथवर ब्रश आला आणि जिन्याशी एक मुलगी येऊन थांबली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, डोळे जागरणानं तांबारलेले. मी रंगकामाच्या लाकडी घोड्यावर चढलेलो, तिला खालून जायचं होतं. वर बघून तिनं विचारलं, “काका, पुढं काय लिहायचंय?” मी कागद दाखवला. तिनं तो वाचला, परत दिला आणि म्हणाली, “मी तिसऱ्या मजल्यावर राहते.” आणि गेली.

मी तिथंच ब्रश टर्पेंटाइनमध्ये टाकला. सेक्रेटरींना म्हटलं, पाण्याच्या वेळा लिहिल्या, हे लिहिणार नाही. आणि लिहायचंच असेल तर खाली तुमचं नाव टाकतो. ते म्हणाले, “नाव कशाला? खाली ‘आदेशावरून’ लिहा. तुम्ही पेंटर, तुम्हाला मजकुराशी काय करायचंय?” त्याच सोसायटीत नळाच्या लाइनला मोटर जोडून पाणी ओढत होते, मी डोळ्यांनी पाहिलं. शेजारच्या बिल्डिंगचं पाणी पळवणं सभ्यतेत बसतं, पोरीनं रात्रपाळी करून पोट भरणं बसत नाही. आपल्याकडे नीती म्हणजे बाईच्या घरी यायच्या वेळा, दुसरं काही नाही.

आमच्या दुकानापासून काळाराम मंदिर चालत जाण्याइतकं जवळ आहे. त्या दारातून आत जाऊ द्या म्हणून २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो लावून धरला. काही वर्षं चालूनही दार उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. दार अडवणारेही धर्म राखतोय असंच म्हणत होते. हा इतिहास ज्या गावाचा, तिथं कुणाला आत घ्यायचं नाही याची पाटी मी रंगवायची?

दुसऱ्या दिवशी माझ्या मोठ्या भावानं जाऊन ती पाटी पुरी केली. त्याचं म्हणणं, हात आपला, मजकूर गिऱ्हाइकाचा. यावरून आमचं आजही वाजतं.

सगळ्याच पाट्या फुकट असतात असं मात्र नाही. ‘पुढे पाणी खोल आहे’ लिहिलेलं वाचून घाटावर लोक मागे सरतात, ते मी पाहिलंय. शाळेच्या फळ्यावरचा सुविचारही राहू द्या, मुलांचं अक्षर तरी सुधारतं.

तुमच्या सोसायटीत पाटी लावायची असेल तर मजकूर ठरवणाऱ्याचं नाव खाली घाला, ‘आदेशावरून’ नको. दादा म्हणतो, नावं घातली की भांडणं होतात. होऊ देत, ज्यानं ठरवलं त्याच्याशी होऊ देत. त्या मुलीनं तिसऱ्या मजल्यावरून उतरून कुणाला जाब विचारायचा होता, पेंटरला?